यजमानाच्या दारी पाहुण्याचे दान

घरादारास मुकलेल्या माणसाकडे जाताना आपण काय घेऊन जातो, हे सर्वांस ठाऊक असते. कपडे, धान्य, औषधे, मुलांसाठी खाऊ, आणि बोलता आलेच तर धीराचे दोन शब्द. परंतु त्याच्याकडून परतताना आपण काय घेऊन येतो, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. आश्रय देणारा तो दाता आणि निर्वासित तो याचक, अशी वाटणी आपल्या मनात कायमची होऊन बसलेली असते. युक्रेनमधून देशोदेशी पांगलेल्या माणसांनी गेल्या काही हिवाळ्यांत ही वाटणी फारसा गाजावाजा न करता पालटून दाखविली आहे. त्यासाठी त्यांनी वापरलेली साधने म्हणजे काठीच्या टोकाला बांधलेला कागदी तारा, मूठभर गहू आणि आजीच्या तोंडून ऐकलेली काही गाणी. आपणापासून फार दूर घडणाऱ्या या गोष्टीत आपल्यासारख्यांनीही मनन करावे असे पुष्कळ आहे, म्हणून आज आम्ही वाचकांचे लक्ष तिकडे वेधू इच्छितो.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगणे अवश्य आहे. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर सर्व बाजूंनी आक्रमण केले आणि दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपने पाहिले नव्हते एवढे मोठे स्थलांतर सुरू झाले. २०२४ च्या अखेरीस एकट्या युरोपीय संघाच्या देशांत तात्पुरत्या संरक्षणाखाली राहणाऱ्या युक्रेनियनांची संख्या ४२ लाखांच्या वर होती. जर्मनी आणि पोलंड या दोन देशांनी त्यांतील सर्वांत मोठा भार उचलला होता. कॅनडाने सुमारे तीन लाखांना दार उघडले. ब्रिटनमध्ये तर सामान्य कुटुंबांनी आपल्या घरातली एखादी खोली या अनोळखी माणसांसाठी मोकळी करून दिली. आलेल्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले होती, कारण लढण्याच्या वयाच्या पुरुषांना देश सोडण्यास युद्धकालीन कायद्याने मनाई केली होती. म्हणजे परक्या गावी जी कुटुंबे उतरली ती बहुतांशी अर्धी कुटुंबे होती. अशा अर्ध्या कुटुंबांपुढे डिसेंबर उजाडला तेव्हा सण साजरा करायचा की नाही, करायचा तर कोणासाठी, हा प्रश्न उभा राहिला.

युक्रेनियन हिवाळ्याचा सण म्हणजे एका दिवसाचा नाताळ नव्हे. संत निकोलसच्या दिवसापासून जलपूजनाच्या पर्वापर्यंत चालणारी ती एक माळ आहे, आणि तिचा मध्यमणी म्हणजे नाताळच्या आदल्या दिवशीची 'स्व्यात वेचीर', अर्थात पवित्र संध्या. त्या दिवशी आकाशात पहिला तारा दिसेपर्यंत घरातले कोणी जेवत नाही. तारा प्रथम कोणाच्या दृष्टीस पडतो याची मुलांत चढाओढ लागते. मग मेजावर वाळलेले गवत पसरून त्यावर भरतकाम केलेले वस्त्र घालतात, कोपऱ्यांत लसणाच्या कांड्या ठेवतात आणि मांसमच्छरविरहित नव्हे, तर केवळ मांस, दूध व अंडी वर्ज्य केलेले बारा पदार्थ मांडतात. मासळी त्यांस चालते. बिटाचे सार, कोबीच्या पानात गुंडाळलेले धान्य, बटाटा किंवा कोबी भरलेल्या उकडलेल्या करंज्या, अळंबी, सुक्या फळांचे पेय असे ते बेत असतात. पण सर्वांत पहिला मान 'कुत्या'चा. शिजविलेला अख्खा गहू, वाटलेली खसखस आणि मध यांचे हे मिश्रण सर्वांनी प्रथम चाखावयाचे असते. आपल्याकडील गव्हाची खीर ज्यांनी खाल्ली आहे त्यांना त्या चवीचा अंदाज करणे कठीण जाऊ नये.

घराच्या पवित्र कोपऱ्यात, देवचित्रांखाली, शेतातली एक पेंढी उभी करतात. तिचे नाव 'दिदुख'. 'दीद' म्हणजे आजोबा. सुगीच्या वेळी राखून ठेवलेल्या या गव्हाच्या किंवा राईच्या कणसांच्या रूपाने घराण्याचे पूर्वज सणापुरते घरी येतात, अशी जुनी श्रद्धा आहे. मेजावर एक पान अधिक वाढलेले असते, तेही गेलेल्यांसाठी. चतुर्थीच्या सुमारास नव्याची कणसे घरात आणणाऱ्या आणि पितरांसाठी पान वाढणाऱ्या आमच्या वाचकांस हे सारे निराळे करून सांगण्याची आवश्यकता नाही. धर्म वेगळा, देव वेगळा, हवामान तर अगदीच वेगळे. तरी धान्य पिकविणाऱ्या माणसाला आपले पूर्वज आपल्या धान्यातच भेटावेत, ही भावना दोन्हीकडे सारखीच उमललेली दिसते.

जेवण आटोपले की दाराशी आवाज येतो. 'कोल्यादा' गाणाऱ्यांचे टोळके आलेले असते. हा शब्द लॅटिनमधील 'कलेंदे', म्हणजे महिन्याचा पहिला दिवस, यावरून आला असे मानतात. एकाच्या हातात फिरता तारा, एकाच्या खांद्यावर झोळी, कोणी बोकडाचे सोंग घेतलेला. हा बोकड अंगणात नाचतो, मरून पडतो आणि पुन्हा उठतो, जसे बी जमिनीत मरते आणि उगवते. काही गावांत 'वेर्तेप' निघतो. पूर्वी ही दोन मजली लाकडी पेटी असे. वरच्या मजल्यावर येशूजन्माची कथा आणि खालच्या मजल्यावर बाहुल्यांचा गावरान प्रहसनी खेळ, अशी तिची रचना. पुढे माणसेच हेरोद राजा, मृत्यू, सैतान आणि देवदूत होऊन घरोघर फिरू लागली. नववर्षाच्या आदल्या रात्री 'मलांका' येते. या सोंगात बहुधा एखादा तरुणच नवरीचा वेश करून कामे बिघडविणाऱ्या वेंधळ्या सुनेची नक्कल करतो आणि सोबत अस्वल, म्हातारा, म्हातारी यांचा धुमाकूळ असतो. त्या रात्रीचे नाव 'श्चेद्रिय वेचीर', म्हणजे उदार संध्या, आणि त्या रात्रीच्या गाण्यांना 'श्चेद्रिवका' म्हणतात. दुसऱ्या दिवशी पहाटे मुलगे घरोघर जाऊन उंबरठ्याच्या आत गहू उधळतात. याला 'पेरणी' असेच म्हणतात. घराला वर्षभर पीकपाणी भरपूर मिळो, हा त्याचा भाव.

या साऱ्या आचारांत एक गोष्ट समान आहे आणि आमच्या मते तीच या लेखाचे मर्म होय. युक्रेनचे हिवाळी गाणे एकट्याने, स्वतःच्या घरात बसून म्हणावयाचे नसते. त्याला दुसऱ्याचा उंबरठा लागतो. गाणारे आधी दाराशी उभे राहून गाण्याची परवानगी मागतात. गाणे त्या घराच्या धन्याला, धनिणीला, मुलाला, मुलीला उद्देशून असते. धन्याला चंद्र, धनिणीला सूर्य आणि लेकरांना तारे म्हणणे ही त्या गाण्यांतली नेहमीची उपमा. गाऊन झाल्यावर घरचे लोक खाऊ, फळे, पैसा देतात. तो मोबदला नव्हे, तो शुभेच्छेचा स्वीकार होय. ज्या घरी गाणारे आले नाहीत ते घर जुन्या समजुतीप्रमाणे वर्षभराच्या मंगलाला वंचित राहिले. म्हणजे येथे दारी आलेला हा देणारा आहे आणि घरातला हा घेणारा आहे.

त्या घरधन्यासाठी युक्रेनी भाषेत 'होस्पोदार' असा शब्द आहे. भाषाशास्त्रज्ञ त्याचे मूळ 'पाहुण्यांचा धनी' अशा अर्थाच्या एका प्राचीन समासात शोधतात, आणि त्या समासाचे उत्तरपद आपल्या संस्कृत 'पति' शब्दाचे सगोत्र आहे. मराठीत 'यजमान' हा शब्दही असाच दुहेरी आहे. तो पाहुण्याचे आदरातिथ्य करणाऱ्यालाही लागतो आणि ज्याच्या कल्याणासाठी कर्म केले जाते त्यालाही लागतो. दोन दूरच्या समाजांनी एकच गोष्ट आपापल्या शब्दांत साठवून ठेवली आहे. दार उघडणाऱ्याचे कल्याण दाराबाहेर उभ्या असलेल्याच्या मुखातून येते, ही ती गोष्ट.

आता ज्याचे गाव बॉम्बखाली गेले, ज्याच्या गल्लीतली घरे उरली नाहीत किंवा शत्रूच्या ताब्यात गेली, त्याने कोणाच्या उंबरठ्यावर जाऊन गावे? आपल्याच चार देशबांधवांना एकत्र करून भाड्याच्या सभागृहात गाता येते, आणि तसे पुष्कळ ठिकाणी घडतेही. त्यात मनाला विसावा मिळतो. पण तेथे उंबरठा नसतो. म्हणून जेथे जेथे हे लोक तारा घेऊन शेजाऱ्यांच्या दारी गेले, शाळेत मुलांना कुत्या चाखवू लागले, आश्रयदात्या कुटुंबाला आपल्या बारा पदार्थांच्या मेजावर बोलावू लागले, तेथे ते केवळ मन रमवीत नव्हते. आपल्या परंपरेला जगण्यासाठी लागणारा दुसरा पक्ष ते शोधत होते. वर्षभर ज्याच्या घरी आश्रित म्हणून वावरावे लागले, त्याच्या दाराशी एका संध्याकाळी आशीर्वाद देणारा म्हणून उभे राहणे, यात माणसाची किती प्रतिष्ठा सामावलेली आहे, हे ज्याने कधी दुसऱ्याच्या घरी दिवस काढले आहेत त्यालाच उमगेल.

हे युक्रेनियनांनी प्रथमच केले असे नव्हे. १८९१ मध्ये इवान पिलिपिव आणि वासिल एलेन्याक हे दोन शेतकरी कॅनडात उतरले. त्यांच्यामागून पहिल्या महायुद्धापर्यंत दीड लाखांहून अधिक लोक गेले आणि तेथल्या ओसाड माळरानांवर त्यांनी गहू पिकविला. मेंढीच्या कातड्याचे कोट घालणाऱ्या या माणसांकडे तेथील समाज प्रथम तुच्छतेनेच पाहत असे. महायुद्ध सुरू होताच, ऑस्ट्रिया-हंगेरीचे प्रजाजन म्हणून, त्यांच्यापैकी हजारोंना छावण्यांत डांबण्यात आले आणि शेवटची छावणी १९२० साली बंद झाली. जुन्या पंचांगाप्रमाणे त्यांचा नाताळ ७ जानेवारीला येई. शेजाऱ्यांचा सण आटोपून गेल्यावर, बर्फाने झाकलेल्या झोपड्यांत यांचा दिवा लागे. तीच माणसे पिढी दोन पिढ्यांत अशी रुजली की, कॅनडाच्या पश्चिम प्रांतांत जानेवारीतला 'युक्रेनियन नाताळ' हा सर्वांच्या परिचयाचा झाला आणि मलांकाच्या रात्रीच्या नाचगाण्यांना इतर वंशांचे शेजारीही हौसेने जाऊ लागले. ऑक्टोबर १९७१ मध्ये पंतप्रधान पिअर त्रुदो यांनी बहुसांस्कृतिकतेचे धोरण संसदेत जाहीर केले आणि लगेच दुसऱ्या दिवशी ते विनिपेगला युक्रेनियन कॅनेडियनांच्या मेळाव्यापुढे ते सांगण्यास गेले, हा योगायोग नव्हता. यजमानाने आपले धोरण बदलले, यामागे पाहुण्याच्या ऐंशी वर्षांच्या चिकाटीचा वाटा होता.

याच काळात मायदेशी काय चालले होते? सोव्हिएत सत्तेने नाताळ हा सण म्हणून मोडून काढला. नाताळचे झाड आधी निषिद्ध ठरविले आणि १९३५ नंतर त्यास नववर्षाचे झाड म्हणून परवानगी दिली. संत निकोलसच्या जागी 'आजोबा हिम' आणून बसविला. तरी गाणी मेली नाहीत. ती बंद दारांआड गेली. १९७२ च्या जानेवारीत ल्वीव शहरात काही कवी, कलावंत आणि विचारवंत वेर्तेप घेऊन घरोघर गेले. कवी वासिल स्तुस त्यांच्यात होते. तुरुंगातील राजबंद्यांच्या कुटुंबांसाठी पैसा गोळा करावा, हाही त्यामागील एक हेतू होता. १२ जानेवारीला देशभर अटकसत्र सुरू झाले आणि त्या गाणाऱ्यांपैकी अनेकजण गजाआड गेले. युक्रेनमध्ये त्या प्रसंगाला 'अटकेतील कोल्यादा' म्हणून ओळखतात. स्तुस १९८५ साली श्रमछावणीतच वारले. ज्या गाण्यासाठी एका देशात तुरुंग मिळत होता, तेच गाणे त्याच वर्षी दुसऱ्या देशात परक्या शेजाऱ्यांच्या टाळ्या घेत होते. परदेशातील मंडळींनी ही ठेव सांभाळली नसती, आणि मायदेशातील आजींनी ती कुजबुजत पुढे दिली नसती, तर आज निर्वासित मुलांच्या ओठी काय उरले असते?

परंतु वाटून घेण्यात एक धोका असतो आणि त्याकडे डोळेझाक करून चालणार नाही. याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे 'श्चेद्रिक' हे गाणे. मिकोला लेओन्तोविच या संगीतकाराने एका लोकगीताच्या चार स्वरांच्या आवर्तनावर वर्षानुवर्षे परिश्रम करून ही रचना सिद्ध केली. १९१६ च्या डिसेंबरात कीव्ह येथे ओलेक्सांद्र कोशित्स यांच्या गायकवृंदाने ती प्रथम लोकांपुढे गायिली. गाण्याचा विषय असा की, एक पाकोळी उडत घरात येते आणि धन्याला हाक मारून सांगते, बाहेर येऊन पाहा, तुझ्या मेंढ्यांना कोकरे झाली आहेत. ऐन हिवाळ्यात पाकोळी कशी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे देतात की, फार प्राचीन काळी नवे वर्ष वसंतात सुरू होई आणि गाण्याने ती स्मृती जपली. १९१९ मध्ये युक्रेनच्या अल्पायुषी प्रजासत्ताकाचे नेते सिमोन पेतल्युरा यांनी कोशित्स यांचा वृंद युरोपात धाडला. तोफा कमी पडल्या तरी गाण्याने जगाला कळू द्यावे की आम्ही एक राष्ट्र आहोत, हा उद्देश. ५ ऑक्टोबर १९२२ रोजी हे गाणे न्यूयॉर्कच्या कार्नेगी सभागृहात दुमदुमले. तोपर्यंत प्रजासत्ताक लयास गेले होते. गायकांना परतण्यास देश उरला नाही. कोशित्स १९४४ साली विनिपेगला वारले. लेओन्तोविच यांचा अंत तर त्याआधीच झाला होता. १९२१ च्या जानेवारीत त्यांच्या वडिलांच्या घरी एका प्रवाशाने रात्रीपुरता आसरा मागितला. तो त्यांना मिळाला. पहाटे त्याने लेओन्तोविचना गोळी घातली. तो सोव्हिएत गुप्त पोलिसांचा हस्तक होता. पाहुण्याने उंबरठ्याचा असा घात केल्याची याहून हृदयद्रावक कथा आम्हांस ठाऊक नाही.

गाणे मात्र जिवंत राहिले. अमेरिकेत पीटर विल्हाउस्की यांनी १९३६ मध्ये त्याच चालीवर घंटांविषयीचे इंग्रजी शब्द बसविले आणि ते नाताळचे जगप्रसिद्ध गीत होऊन बसले. चित्रपटांत, जाहिरातींत, दुकानांत ते दर डिसेंबरला वाजते. कोट्यवधी लोक ते गुणगुणतात. त्यातील पाकोळी उडून गेली, घरधनी गेला, कोकरे गेली, आणि ते कोणाचे हेही गेले. विल्हाउस्कींचा यात काही दोष आहे असे आम्हांस म्हणावयाचे नाही. त्यांच्यामुळेच ती चाल घरोघर पोहोचली. परंतु दान दिले आणि दात्याचे नाव पुसले गेले, असे यात झाले खरे. ज्या राष्ट्राला 'तुमची भाषा वेगळी नाही, तुमचा इतिहास वेगळा नाही' असे शेजारी शस्त्राच्या जोरावर सांगत आहे, त्याला हे नाव पुसले जाणे किती महागात पडते, हे आता साऱ्यांना कळून चुकले आहे. ४ डिसेंबर २०२२ रोजी त्याच कार्नेगी सभागृहात कीव्हच्या 'श्चेद्रिक' नामक बालवृंदाने ते गाणे पुन्हा गायिले, या वेळी मूळ नावासह, मूळ भाषेत. शंभर वर्षांनी पाकोळी घरी परतली असे म्हणावयास हरकत नाही.

पोलंडचे उदाहरण याहून निराळे आणि अधिक अवघड आहे. या दोन शेजाऱ्यांत रक्ताचा हिशेब आहे. १९४३ मध्ये वोलिनिया प्रांतात युक्रेनी बंडखोरांनी हजारो पोलिश गावकऱ्यांची कत्तल केली. १९४७ मध्ये पोलंडच्या साम्यवादी राजवटीने आपल्या आग्नेय सीमेवरील सुमारे १ लाख ४० हजार युक्रेनियनांना घरांतून उपटून दूर उत्तरेस आणि पश्चिमेस नेऊन टाकले. असा इतिहास असूनही २०२२ च्या कडाक्याच्या थंडीत पोलंडच्या सामान्य माणसांनी सीमेवर जाऊन या लोकांना घरी नेले. त्या दिवसांत आपली मुलेही तेथे होती, हे विसरता कामा नये. वैद्यकीय शिक्षणासाठी युक्रेनला गेलेले भारतीय विद्यार्थी पोलंड, रुमानिया, हंगेरी आणि स्लोव्हाकियाच्या सीमा ओलांडून आले आणि 'ऑपरेशन गंगा'च्या सुमारे ९० विमानांतून १८ हजारांहून अधिक भारतीय मायदेशी परतले. त्यांच्यासाठीही तेथील अनोळखी लोकांनी गरम सूप आणि पांघरुणे आणली होती.

पोलिश कुटुंबातही नाताळच्या आदल्या संध्याकाळी पहिल्या ताऱ्याची वाट पाहतात, मेजवस्त्राखाली गवत पसरतात, बारा पदार्थ करतात आणि एक पान अधिक मांडतात. मग या दोघांत वाटून घेण्यासारखे उरले काय, असे कोणास वाटेल. फरक त्या रिकाम्या पानातच आहे. युक्रेनियनांचे ते पान प्रामुख्याने गेलेल्या पूर्वजांसाठी असते. पोलंडमध्ये ते अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी राखतात. शतकानुशतके बहुतेक घरांत ते पान तसेच रिकामे राहत असे. २०२२ च्या नाताळात अनेक घरांत अवचित पाहुणा खरोखरच येऊन बसला, आणि त्याने आपल्या गेलेल्यांचे पान शेजारी मांडले. यजमानाच्या विधीला त्याने अर्थ दिला आणि यजमानाने त्याच्या शोकाला जागा दिली. याने १९४३ चा वा १९४७ चा हिशेब मिटत नाही. तो इतिहासकारांनी आणि राज्यकर्त्यांनी सत्य सांगूनच मिटवावयाचा आहे. तथापि एका मेजावर बसलेल्या माणसांना तो हिशेब अधिक सभ्यतेने मांडता येतो, एवढे तरी खचित.

तारखेचाही प्रश्न यात गुंतला होता. २०२३ मध्ये युक्रेनच्या दोन प्रमुख चर्चसंस्थांनी जुने पंचांग सोडले आणि संसदेनेही नाताळची सुटी ७ जानेवारीऐवजी २५ डिसेंबरला केली. मॉस्कोच्या पंचांगापासून दूर जाणे हा त्यातील उघड हेतू. पण परदेशातील कुटुंबाला त्याचा दुसराच लाभ झाला. पाहुण्याचा आणि यजमानाचा सण एका दिवशी आला. यात काही हरवलेही. जुन्या स्थायिकांना ७ जानेवारी हीच आपली ओळख वाटत होती, आणि काही कुटुंबे आजही दोन्ही दिवस पाळतात. आम्हांस त्यात विसंगती दिसत नाही. एक तारीख शेजाऱ्यासाठी आणि एक आजीसाठी ठेवली तर बिघडले काय?

युद्ध चालू असताना गाणी कसली, असाही एक आक्षेप आहे. तो निर्वासितांपैकी कित्येकांच्या स्वतःच्या मनातही असतो. त्याचे उत्तर त्यांनी कृतीने दिले. झोळीत पडणारा पैसा रुग्णालयांसाठी, सैनिकांसाठी, विस्थापित मुलांसाठी पाठविला जाऊ लागला. १९७२ च्या ल्वीवमधील गाणाऱ्यांनी हेच केले होते. तेव्हा हा सण दुःख विसरण्यासाठी नाही, दुःखातील माणसाचे कर्तव्य त्यात चुकत नाही.

यजमान समाजानेही आपला वाटा उचलला पाहिजे. पहिल्या वर्षीचा उत्साह तिसऱ्या चौथ्या वर्षी ओसरतो, हा मनुष्यस्वभाव आहे. घरे महागतात, शाळा भरतात, राजकारणी पुढारी त्याचा लाभ उठवितात आणि कालचा पाहुणा आज ओझे वाटू लागतो. अशा वेळी त्याला वर्षातून एकदा रंगमंचावर उभे करून, भरतकामाचे सदरे घालून नाचावयास लावणे आणि टाळ्या वाजवून घरी जाणे, हे आतिथ्य नव्हे. दार उघडून त्याला आत घ्यावे, त्याचा पदार्थ खावा, त्याचे नाव त्याच्या उच्चाराप्रमाणे घ्यावे, आणि हे गाणे कोणाचे, हे गवत कशासाठी, हे पान कोणाचे, असे विचारावे. पाहुण्यानेही आपली परंपरा पेटीतल्या दागिन्यासारखी जपून न ठेवता सांगावी, शिकवावी, पण नावासह द्यावी. दुसऱ्या पिढीतील मुले परकी भाषा घरच्या भाषेहून चांगली बोलू लागतात. त्या मुलांना ती शेजारच्या मित्रांनी मागितली तरच तिचे मोल कळते, हा सर्वच देशांतरितांचा अनुभव आहे.

आम्हां गोमंतकीयांस या अनुभवाची ओळख नवी नाही. सोळाव्या शतकात आमच्या पूर्वजांनी देवांच्या मूर्ती आणि लिंगे उचलून रातोरात नदीपलीकडे अंत्रुज महालात नेली. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला आला. तो आपल्याबरोबर आपल्या जत्रा, पालख्या आणि मानकरी घेऊन आला, आणि त्या भूमीने त्यांना जागा दिली. त्या वेळी कोणी उंबरठा उघडला नसता तर आज आमच्या जत्रा कोठे भरल्या असत्या? देवांनी आपली जुनी गावे नावांत जपली आणि नवी गावे आपली मानली. नाताळात ख्रिस्ती शेजाऱ्याकडून येणारे दोदोल आणि बेबिंकाचे ताट, आणि चतुर्थीला आपल्याकडून त्याच्या घरी जाणाऱ्या नेवऱ्या, हीही त्याच आचाराची आमची घरगुती रीत आहे. ज्यांच्यात इतिहासाने एवढी मोठी दरी पाडली होती, त्या शेजाऱ्यांनी ती ताटे पोहोचती ठेवली.

येत्या हिवाळ्यात युरोपातील, कॅनडातील अनेक गावांत कागदी तारा पुन्हा निघेल. त्या देशांत स्थायिक झालेले आमचे मराठी आणि कोकणी भाषक बंधुभगिनीही पुष्कळ आहेत. त्यांच्या दाराशी कोणी मुले परवानगी मागत उभी राहिली, तर ती काही मागावयास आली आहेत असे त्यांनी समजू नये. दार पुरते उघडावे, गाणे शेवटपर्यंत ऐकावे, त्यांच्या झोळीत डब्यातली एखादी नेवरी घालावी आणि निघताना त्या गाण्याचे नाव विचारून घ्यावे.